कालव्याकाठची नगरे आणि पूर्णेचे खोरे

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात पुसेगाव वसलेले आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांना वंद्य असलेली नर्सी आणि ज्योतिर्लिंगांत गणले जाणारे औंढा नागनाथ ही दोन्ही क्षेत्रे याच टापूतील. याच टापूच्या कडेने पूर्णा नदी वाहते आणि तिच्यावर येलदरी व सिद्धेश्वर ही दोन मोठी धरणे उभी आहेत. मराठवाड्यातील मोठ्या पाटबंधाऱ्यांचा आरंभ ज्या कामांनी झाला, त्यांत या जोडधरणांची गणना होते. असे असूनही या धरणांच्या आसऱ्याने किंवा त्यांच्या कालव्यावर एखादे नवे नगर वसले, असे झाले नाही. नीरा आणि प्रवरा या नद्यांच्या खोऱ्यांत मात्र कालव्याच्या पाठोपाठ माळीनगर, वालचंदनगर, साखरवाडी, श्रीरामपूर, प्रवरानगर अशी गावे जन्मास आली. जेथे पूर्वी कुसळी गवताचा माळ होता, तेथे पाच-पंचवीस वर्षांत शाळा, दवाखाना, बाजारपेठ आणि कारखान्याचा भोंगा आला.

हा भेद का पडावा? तिकडे ऊस झाला, इकडे झाला नाही, हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर. तिकडची माणसे उद्यमी, असेही कोणी म्हणतात. पहिले उत्तर अर्धवट आहे आणि दुसरे मराठवाड्यातील शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे. पाणी कोणत्या साली आले, ते आले तेव्हा जमीन कोणाच्या हाती होती आणि ते पाणी कोणत्या नियमाने वाटले गेले, या तीन गोष्टींचा विचार केल्याशिवाय कालव्याकाठच्या नगराचा इतिहास उलगडत नाही. त्यासाठी आधी नीरेच्या काठी जावे लागेल.

दुष्काळातून निघालेला कालवा

१८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने दख्खनचा पूर्वभाग होरपळून निघाला. पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. तेथील दुष्काळग्रस्तांना काम मिळावे आणि पुढील अवर्षणांत पिके वाचावीत, या दुहेरी हेतूने नीरेच्या डाव्या कालव्याची योजना हाती घेण्यात आली. वीर येथील बंधाऱ्यापासून निघालेल्या या कालव्यास १८८५ च्या सुमारास पाणी आले. त्याला साठ्याचा आधार मिळाला तो भोरजवळच्या भाटघर धरणाचा. पुढे जुन्या धरणाच्या जागी अधिक मोठे धरण बांधण्यात आले. ते १९२८ साली पूर्ण झाले आणि त्यामुळे उजव्या कालव्यासही पाणी देणे शक्य झाले. या उजव्या कालव्याने फलटण आणि माळशिरस या भागांचे रूप पालटले.

योजना दुष्काळनिवारणाची होती आणि तिच्यापुढील पहिली अडचण मोठी चमत्कारिक होती. पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी घेत नसे. ज्वारी-बाजरीला दोन पाण्यांसाठी पाणीपट्टी भरणे त्याला परवडत नव्हते. पाऊस पडला नाही की सर्वांनाच एकदम पाणी हवे असे आणि तेवढे पाणी धरणात नसे. सरकारला तर कालव्यावर घातलेल्या भांडवलाचे व्याज हवे होते. वर्षभर पाणी घेणारे आणि चांगली पट्टी भरणारे पीक एकच होते, ते म्हणजे ऊस. अशा रीतीने ज्वारी वाचविण्यासाठी काढलेल्या कालव्यावर उसाचे राज्य आले. यात कोणाचा कट नव्हता. हिशेबाच्या वहीने तो निर्णय करून टाकला.

या ओढाताणीतून मार्ग काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी गटपद्धतीची कल्पना पुढे आणली. ते त्या वेळी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात अभियंता होते. कालव्याखालील जमिनीचे गट पाडावयाचे, एका गटाला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यावयाची आणि गटाच्या सुमारे एकतृतीयांश भागातच ऊस घेऊन उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके फिरती ठेवावयाची, असे तिचे स्वरूप होते. त्यायोगे पाणी थोड्या बागाइतदारांच्या हाती न अडकता अधिक गावांत पसरेल आणि सततच्या उसाने जमीन बिघडणार नाही, असा त्यामागील विचार होता. ही पद्धत 'ब्लॉक' या नावाने पुढे रूढ झाली. तिच्यामुळे एक गोष्ट निश्चित झाली. ज्याच्याजवळ ब्लॉक मंजूर झालेली जमीन आहे, त्याला सहा-सहा वर्षांचे पाणी डोळ्यांसमोर दिसू लागले. भांडवल घालावयाचे तर माणसाला अशीच खात्री लागते.

गुऱ्हाळापासून कारखान्यापर्यंत

पाण्याची ही खात्री सर्वप्रथम ओळखली ती सासवडच्या माळी समाजाने. पुरंदर तालुक्यातील सासवड हे बागाइतीचे जुने गाव. मोटेच्या पाण्यावर मळे पिकविण्याचे ज्ञान या समाजात पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. आपल्या गावी पाणी थोडे आणि जमीनही थोडी, म्हणून ही कुटुंबे कालव्याच्या अनुरोधाने खाली बारामती-इंदापूरकडे सरकली. काही जण पुढे प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांवरही गेले. स्थानिक शेतकऱ्याजवळ जमीन होती, पण उसासाठी लागणारे खत, बियाणे, मजुरी आणि वर्ष-दीड वर्ष पिकाची वाट पाहण्याची आर्थिक ताकद त्याच्यापाशी नव्हती. त्याने जमीन खंडाने दिली आणि माळ्याने ती कसली. नीरेच्या काठी ऊस वाढू लागला आणि शेताशेतांवर गुऱ्हाळे पेटू लागली.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. खंड, खत आणि पाणीपट्टी यांचे आकडे मात्र जागचे हलले नाहीत. बागाइतदार बुडण्याच्या बेतास आला. त्याच सुमारास हिंदुस्थान सरकारने १९३२ साली साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण दिले आणि बाहेरून येणारी साखर महाग झाली. देशात १९३१-३२ च्या सुमारास बत्तीसच्या आसपास असलेले साखर कारखाने पुढील पाचच वर्षांत एकशे तीसच्या वर गेले. सासवडच्या माळी बागाइतदारांनी याच संधीचा लाभ घेतला. १९३२ साली त्यांनी 'सासवड माळी शुगर फॅक्टरी' ही कंपनी स्थापन केली आणि सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळ, नीरेच्या उजव्या कालव्याखालील भागात कारखाना उभारला. कारखान्याभोवती जी वस्ती झाली, तिचे नाव माळीनगर.

माळीनगरचे वेगळेपण लक्षात घेण्याजोगे आहे. सहकारी साखर कारखान्यांचा जमाना अद्याप दूर होता. कारखाना काढावयाचा तो मुंबईच्या व्यापाऱ्याने किंवा विलायती कंपनीने, अशी समजूत होती. येथे ऊस पिकविणाऱ्यांनीच भागभांडवल गोळा केले आणि आपल्या उसाचे आपणच गाळप केले. स्वतःच्या गावापासून दूर, परक्या मुलखात आलेल्या या कुटुंबांना राहावयास घर, मुलांना शाळा आणि सणवाराला चार माणसे हवी होती. म्हणून कारखान्याबरोबर गावही वसवावे लागले. जुन्या गावाला वेस असते, गावठाण असते, बलुतेदार असतात. या गावाला यांपैकी काही नव्हते. त्याच्या मध्यभागी देऊळ किंवा चावडी यांच्याऐवजी उसाच्या गाड्या मोजण्याचा काटा होता.

कंपनीचे गाव

नीरेच्या डाव्या कालव्यावर इंदापूर तालुक्यात कळंब नावाचे लहानसे खेडे होते. तेथील उसाच्या शेतीत सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद दोशी यांनी लक्ष घातले. रेल्वे आणि मोठ्या बांधकामांचे ठेकेदार म्हणून त्यांचे नाव झालेले होते. मालेगावजवळ रावळगाव येथे त्यांनी १९२३ पासूनच शेतीचा व्याप मांडलेला होता. कळंबला १९३४ च्या सुमारास साखर कारखाना सुरू झाला आणि वस्तीस वालचंदनगर हे नाव मिळाले. हजारो एकर जमीन एका व्यवस्थापनाखाली, आखीव शेते, शेतातून धावणारी लहान रुळांची गाडी, कामगारांच्या चाळी, शाळा आणि रुग्णालय, असा तो थाट होता. पुढे कारखान्याच्या दुरुस्तीशाळेतून यंत्रनिर्मितीचा उद्योग वाढला. साखर आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रे तेथे तयार होऊ लागली. भारताच्या अणुऊर्जा आणि अवकाश कार्यक्रमांसाठीही तेथून सामग्री गेली. दुष्काळी कामावरील पाटाचे पाणी अग्निबाणाच्या भागांपर्यंत पोहोचले, असे म्हटले तर ते अगदीच अतिशयोक्त ठरू नये.

हीच कथा थोड्याफार फरकाने इतरत्रही दिसते. फलटणजवळची साखरवाडी तर नावातच सारे सांगते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. २७० फूट उंचीचे हे धरण त्या काळी देशात अपूर्व मानले गेले. त्याच्या कालव्यांवर हरिगाव येथे बेलापूर कंपनीचा कारखाना निघाला, टिळकनगरला दुसरा निघाला आणि या साऱ्या मुलखाचा माल दौंड-मनमाड लोहमार्गावरील बेलापूर स्थानकाशी येऊ लागला. मूळ बेलापूर गाव प्रवरेच्या काठी राहिले. बाजारपेठ मात्र स्थानकाजवळ वाढली आणि तिचेच श्रीरामपूर झाले. तालुक्याचे ठाणेही तेथेच आले. याच प्रवरेवर लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने १९५० साली सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि प्रवरानगर उदयास आले. गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गोखले संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची जी पाहणी केली, ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. कालव्याचे मोल पाणीपट्टीच्या वसुलीवरून ठरवू नये, त्यामुळे वाढणारा रोजगार, व्यापार आणि वाहतूक यांचाही हिशेब धरावा, हा तिचा दृष्टिकोन पुढील काळात नव्या धरणांचे समर्थन करताना फार उपयोगी पडला.

चोपण जमीन आणि खंडकरी

या नगरांच्या वैभवाच्या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती अनेकदा सांगितली जात नाही. खोल काळ्या जमिनीला वर्षानुवर्षे पाणी दिले आणि त्याला निचरा मिळाला नाही, की जमिनीखालचे पाणी वर चढते, क्षार पृष्ठभागावर येतात आणि जमीन उपळते. नीरेच्या डाव्या कालव्यावर हे संकट फार लवकर उभे राहिले. १९२० नंतरच्या दशकात अभियंते इंग्लिस आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील पाणथळ आणि चोपण जमिनींचा पद्धतशीर अभ्यास केला आणि निचऱ्याचे चर काढण्याची कामे झाली. पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले, ते याच परिसरात. पुढे 'को ७४०' आणि 'को ८६०३२' या सर्वत्र पसरलेल्या उसाच्या जाती याच केंद्राने शेतकऱ्यांना दिल्या.

दुसरे दुखणे जमिनीच्या हक्काचे. ज्यांनी कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या खंडाने जमिनी दिल्या, त्यांचे काय झाले? १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कंपन्यांकडील हजारो एकर क्षेत्र शासनाकडे आले. ते कसण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन करण्यात आले. परंतु यांतील पुष्कळशी जमीन मुळात कंपन्यांची नव्हतीच. ती खंडाने देणाऱ्या लहान शेतकऱ्यांची होती. हे 'खंडकरी' आपल्याच शिवारात भूमिहीन झाले. त्यांची मागणी अर्धशतकभर चालली. कायद्यात दुरुस्ती होऊन २०१२ पासून त्यांना जमिनी परत मिळू लागल्या, तेव्हा मूळ खंडपत्रावर अंगठा उठविणाऱ्यांची तिसरी पिढी दारात उभी होती. कालव्याकाठच्या नगराचा ताळेबंद मांडताना हे खाते वगळून चालणार नाही.

हैदराबाद राज्यातील मराठवाडा

नीरा-प्रवरेच्या खोऱ्यांत हे सारे घडत असता मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या अंमलाखाली होता. त्या राज्यात मोठी धरणे बांधलीच गेली नाहीत, असे नाही. मांजरा नदीवर निजामसागर हे मोठे धरण १९२३ ते १९३१ या काळात झाले. त्याच्या कालव्याखाली उसाची लागवड वाढली. बोधन येथे निजाम सरकारचा साखर कारखाना निघाला आणि शक्करनगर नावाची वसाहत उभी राहिली. नांदेड जिल्ह्याच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे थेट मराठी मुलखाच्या उंबरठ्यावर, कालव्याकाठचे नगर जन्मले ते असे. पण ते तेलंगणात. मराठवाड्याच्या वाट्याला या तोडीचे धरण आले नाही. येथे विहिरी, लहान तलाव आणि पावसाचा भरवसा एवढीच शेतकऱ्याची साधने होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद राज्य भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर पूर्णा प्रकल्पाचे काम १९५८ च्या सुमारास सुरू झाले. ते चालू असतानाच १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि १९६८ साली प्रकल्प आकारास आला.

जोडधरणांची रचना

येथे वाचकांना एका गोष्टीची आठवण देणे आवश्यक वाटते. महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या एकाहून अधिक नद्या आहेत. विदर्भातून वाहत जाऊन तापीला मिळणारी ती वेगळी. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावते आणि आग्नेयेस वाहत गोदावरीला मिळते. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात येलदरी येथे तिच्यावरील मुख्य धरण आहे. त्याची लांबी ४,२३२ मीटर, उंची सुमारे ५१ मीटर आणि एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर. त्यांपैकी सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर पाणी वापरता येते. धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉट क्षमतेचे वीजघर आहे. वीज निर्माण करून बाहेर पडणारे पाणी नदीतूनच खाली सिद्धेश्वरच्या जलाशयात येते.

सिद्धेश्वर धरण औंढा नागनाथ तालुक्यात आहे. त्याची लांबी सहा किलोमीटरांहून अधिक, म्हणजे येलदरीपेक्षा पुष्कळ जास्त. पण २५१ दशलक्ष घनमीटर साठ्यापैकी उपयुक्त साठा अवघा ८१ दशलक्ष घनमीटरांच्या आसपास भरतो. प्रथमदर्शनी ही रचना तोट्याची वाटेल. परंतु या धरणाचे मुख्य कार्य साठविण्याचे नसून उचलून धरण्याचे आहे. नदीचे पाणी कालव्याच्या तोंडाच्या पातळीपर्यंत चढविण्यासाठी खाली मोठा मृतसाठा ठेवावा लागतो. वरचे धरण ही कोठी आणि खालचे धरण हा माप ओतणारा हात, अशी ही विभागणी आहे. सिद्धेश्वरपासून निघणारा कालवा खोऱ्याच्या उताराने वसमत, परभणी आणि नांदेडच्या दिशेने जातो. म्हणजेच धरणाच्या खालच्या अंगास जातो. पुसेगावचा माळ वरच्या अंगास राहिला.

धरणावरचा कॅम्प

धरण बांधले जात असता त्याच्याजवळ एक गाव आपोआप वसते. त्याला सर्वत्र 'कॅम्प' म्हणतात. येलदरीलाही कॅम्प झाला, सिद्धेश्वरलाही झाला. अभियंत्यांचे बंगले, कारकुनांची निवासस्थाने, मजुरांच्या झोपड्यांच्या रांगा, सिमेंटची गोदामे, दवाखाना, शाळा आणि संध्याकाळी गजबजणारी टपऱ्यांची ओळ असे कॅम्पाचे रूप असते. आसपासच्या खेड्यांनी विजेचा दिवा बहुधा येथेच प्रथम पाहिलेला असतो. दहा वर्षे ही वस्ती तालुक्याच्या गावाशी स्पर्धा करते. काम संपले की कार्यालये हलतात, माणसे पुढच्या धरणावर जातात आणि निवासस्थानांच्या ओळींतून निंबाची झाडे उगवतात. नकाशावर 'कॅम्प' हे नाव मागे राहते.

कॅम्प टिकत नाही, कारण त्याचे पोट पाण्यावर नसते, ते बांधकामाच्या मंजुरीवर असते. माळीनगरचा माणूस पाणी आल्यावर आला. कॅम्पातला माणूस पाणी येताच गेला. धरण हे गाव वसविण्याचे ठिकाण नव्हेच. पाणी जेथे शेतात उतरते, पीक जेथे विकले जाते आणि पैसा जेथे पुन्हा गुंतविला जातो, तेथे वस्ती वाढते.

१९६८ सालचे पाणी

पूर्णेचे पाणी कालव्यात आले तेव्हा नीरेवरची परिस्थिती येथे नव्हती आणि ती नसावी, अशीच राज्याच्या कायद्यांची इच्छा होती. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले होते. १९६१ च्या कायद्याने जमीन धारणेवर मर्यादा आली होती. एखाद्या कंपनीने हजारो एकर खंडाने घेऊन आपल्या नावाचे नगर वसवावे, हा मार्ग बंद झाला होता. साखर कारखाना काढावयाचा तो सहकारी तत्त्वावर आणि सभासद शेतकरी आपापल्या जुन्या गावांतच राहणारे. दुसरीकडून स्थलांतर करून येणाऱ्या बागाइतदारांनाही आता जागा नव्हती, कारण जमीन कसणारा कुणबी स्वतः तेथे होता. पाणी नव्या माणसांना न बोलावता जुन्याच गावांत वाटले गेले. नगर उभे राहिले नाही, याचे हे मोठे कारण आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यात हळहळण्यासारखे फारसे काही नाही. खंडकऱ्यांची दुसरी आवृत्ती पूर्णेच्या काठी निघाली नाही, हाही एक लाभच होय.

मात्र जुन्या गावांत पाणी वाटले, की ते वापरण्याची सारी तयारी त्या गावांतच व्हावी लागते. सासवडच्या माळ्याने पाणी देण्याची कला सोबत आणली होती. ज्वारी-कापसाच्या शेतकऱ्याला ती नव्याने शिकावयाची होती. शेतचाऱ्या झालेल्या नव्हत्या, जमिनी सपाट केलेल्या नव्हत्या आणि खोल काळ्या मातीला पाणी किती द्यावे याचा अंदाज नव्हता. पाण्याची मागणी नमुना सातवर करावयाची आणि शेजपाळीने आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे, हा शिरस्ताही अंगवळणी पडावयास वेळ लागला. शेपटाकडील गावांपर्यंत पाणी पोहोचविणे हा तर आजही सर्वच कालव्यांवरचा कठीण प्रश्न आहे. लाभक्षेत्र विकासाचा कार्यक्रम देशात १९७४-७५ पासून सुरू झाला. परभणीला १९७२ साली कृषि विद्यापीठ आणि औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) १९८० साली जल व भूमि व्यवस्थापन संस्था स्थापन झाली, ती याच उणिवेच्या जाणिवेतून.

या पाण्याचा खरा वारस ठरले ते वसमत. पूर्णा-हिंगोली लोहमार्गावरील हे जुने व्यापारी गाव कालव्याच्या लाभक्षेत्रात आले. पूर्णा सहकारी साखर कारखाना येथेच उभा राहिला. परंतु वसमतची ख्याती उसापेक्षा हळदीने अधिक झाली. हळद मे-जूनमध्ये लावावयाची, पावसाळ्यानंतर कालव्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर जगवावयाची आणि जानेवारीनंतर काढून, शिजवून, वाळवून बाजारात न्यावयाची. कालव्याने थेट दिलेल्या पाण्याइतकेच त्याच्या पाझराने विहिरींना आलेले पाणी या पिकाच्या कामी आले. हिंगोली आणि वसमतच्या बाजारपेठा आज हळदीसाठी राज्याबाहेरही ओळखल्या जातात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. येथे नवे नगर वसले नाही, जुन्याच गावाला नवा व्यवसाय मिळाला. त्याचा उत्पादक लहान जमिनीचा मालक आहे. काटा त्याच्या कारखान्यात नसून मोंढ्यात आहे.

वरच्या अंगाची गावे

आता पुन्हा पुसेगावच्या माळाकडे वळावयास हवे. धरणाच्या वरच्या आणि उत्तरेच्या अंगाला असलेल्या या पट्ट्यातील अनेक गावांचा पूर्णेशी संबंध विचित्र आहे. नदी जवळ, जलाशय जवळ, पण कालव्याचे पाणी उताराने खाली गेले. जलाशयाकाठच्या गावांनी जमिनी दिल्या आणि लाभ खालच्या तालुक्यांना झाला, हा धरणांचा सर्वत्रचा नियम येथेही लागू आहे. जेथे शक्य आहे तेथे जलाशयाच्या फुगवट्यावरून उपसा करून शेतकरी पाणी नेतात. त्यासाठी परवानगी, जलवाहिनी आणि विजेचे बिल हे तिन्ही खर्च त्याला सोसावे लागतात. उरलेला शेतकरी सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवर आणि स्वतःच्या विहिरीवर अवलंबून आहे.

नीरा-प्रवरेच्या नगरांशी या मुलखाचे नाते एकाच वाटेने जुळले, ते म्हणजे कोयत्याच्या. मराठवाड्याच्या कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिमेकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाची उचल घेतलेली ही कुटुंबे कारखान्यांच्या तळांवर पाच-सहा महिने पालांत राहतात. दुष्काळी ज्वारी वाचविण्यासाठी काढलेल्या पाटावर ऊस आला, उसावर नगरे आली आणि त्या नगरांच्या कडेला पुन्हा दुष्काळी मुलखातीलच माणसांची पाले आली. मुलांच्या शाळेचे अर्धे वर्ष या प्रवासात जाते.

येलदरीच्या पाण्यावरील हक्कदारही आता वाढले आहेत. पूर्णेच्या वरच्या प्रवाहावर बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झाल्यापासून वरून येणारा ओघ पूर्वीसारखा राहिलेला नाही. २००० नंतरच्या काळात येलदरी कित्येक वर्षे भरलेच नाही. परभणी, जिंतूर आणि हिंगोली या शहरांच्या पिण्याच्या पाण्याची तरतूद याच जोडधरणांतून करावयाची असल्याने अवर्षणाच्या साली शेतीची पाळी मागे पडते. १९८७ साली राज्याने नव्या प्रकल्पांवर बारमाहीऐवजी आठमाही पाण्याचे धोरण स्वीकारले. २००५ साली पाणी वापर संस्थांचा कायदा झाला आणि मोजून घेतलेले पाणी शेतकऱ्यांनी आपसांत वाटून घ्यावे, अशी तरतूद झाली. विश्वेश्वरय्यांनी नीरेवर गट आखताना जो प्रश्न हाताळला होता, त्याच प्रश्नाची ही नवी मांडणी आहे.

दरवर्षी १५ ऑक्टोबर रोजी धरणांतील साठा मोजला जातो. पिण्याचे पाणी आणि बाष्पीभवन वजा जाता उरते किती, ते पाहून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत रब्बीची आणि उन्हाळी आवर्तने ठरतात. तोपर्यंत वसमतच्या शिवारात हळदीचे फड कमरेइतके वाढलेले असतात. चार आवर्तने जाहीर झाली, तर हळदीबरोबर गहू आणि भुईमूगही साधतो. दोनच झाली, तर शेतकरी हरभरा पेरतो आणि घरातील कोणी तरी कारखान्याच्या मुकादमाला निरोप धाडतो.